आधी भिंतीतला प्लग, मग आय-सेव्हन

पत्र: सर, नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यात, नंदगडच्या पुढं राहतो. मुलगा बेळगावात इंजिनिअरिंगला आहे, कॉम्प्युटर सायन्स, पहिलं वर्ष. रोज बसनं ये-जा करतो. मुलगी दहावीला. मी घरी शिवणकाम करते. शिवणाचे आणि सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे साठवून ६०,००० रुपये जमवलेत, त्यात घरात एक कॉम्प्युटर घ्यायचा आहे. तीन माणसं तीन गोष्टी सांगतात. एका दुकानात 'आय-सेव्हन, सोळा जीबी, लाईटवाला कॅबिनेट' २४,०००ला देतो म्हणाले. मुलानं स्वतः पार्ट निवडून यादी केली आहे, ती सोबत जोडते. त्यात निम्मे पैसे ग्राफिक्स कार्डलाच जातात. पुण्यातला माझा भाऊ म्हणतो, जुळवलेला नको, सरळ लॅपटॉप घे. आमच्याकडं करंट सारखा ये-जा करतो, गेल्या वळवात टीव्ही जळाला. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, खानापूर तालुका

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र आणि मुलाची यादी, दोन्ही सावकाश वाचली. शिवणातून ६०,००० बाजूला पडायला किती ब्लाउज शिवावे लागतात याची मला कल्पना आहे. आमच्या घरी आईचं मशीन रात्री अकरापर्यंत चालायचं. तुमचा एकही रुपया वाया जाऊ नये, एवढं मनात ठेवून लिहितो.

तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय की वळवात टीव्ही जळाला. माझं सगळं उत्तर त्या ओळीवर उभं आहे. दुकानदार, मुलगा आणि भाऊ, तिघंही डब्यात काय असावं यावर बोलतायत. पण ज्या घरात टीव्ही जळतो, त्या घरात पार्ट निवडायला सुरुवात भिंतीतल्या प्लगपासून करावी लागते आणि तिथून आत आत येत प्रोसेसरपर्यंत, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूपर्यंत, पोचावं लागतं. बहुतेक लोक उलटे जातात. प्रोसेसर, कार्ड, रंगीत कॅबिनेट असं करत प्लगपाशी येईपर्यंत खिसा रिकामा झालेला असतो.

म्हणून दुकानात जायच्या आधी गावातल्या वायरमनला मल्टीमीटर घेऊन बोलवा. ज्या थ्री-पिन सॉकेटवर कॉम्प्युटर लागणार आहे, तिथं तीन आकडे घ्यायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास आलं पाहिजे. फेज आणि अर्थ यांच्यातही जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या आत. पहिला आकडा दुपारी एकदा आणि रात्री आठच्या सुमाराला एकदा घ्या, कारण सगळ्या गावात दिवे, टीव्ही, मिक्सर एकदम चालू असतात तेव्हा व्होल्टेज किती खाली येतं ते कळायला हवं. दुसरा आकडा आलाच नाही किंवा अर्धवट आला, तर तुमच्या सॉकेटातलं वरचं मोठं भोक नुसतं नावाला आहे, त्याच्यामागं अर्थिंग नाही.

अर्थिंग नसलं तर काय होतं ते तुम्हाला लगेच हाताला कळेल. कॅबिनेटच्या पत्र्याला बोट लावलं की मुंग्या आल्यासारखं होतं. कॉम्प्युटरला वीज पुरवणारा जो डबा असतो, ज्याला आपण एसएमपीएस म्हणतो, त्यात फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडं जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांच्यातून झिरपणारा बारीकसा करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा साधारण ११५ व्होल्टवर लोंबकळत राहतो. माणूस त्यानं सहसा दगावत नाही, पण पेन ड्राइव्ह, प्रिंटर, मॉनिटरची वायर लावता-काढताना मदरबोर्डवरचे, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डावरचे, पोर्ट मात्र जातात.

इथं एक कळकळीची विनंती. काही जण सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ वायरीनं जोडून देतात आणि 'झालं अर्थिंग' म्हणतात. मीटरवर आकडे झक्क दिसतात, पण वाटेत कुठंतरी न्यूट्रल तुटला तर कॅबिनेटच्या पत्र्यात थेट फेज येतो. तुमची मुलगी अनवाणी पायानं तिथं बसणार आहे. असं काही कुणी करून देत असेल तर देऊ नका. खड्डा खणून पाईप किंवा रॉड, भोवती कोळसा आणि मीठ, असं रीतसर अर्थिंग करून घ्या. तुमच्याकडची जांभ्याची जमीन पावसाळ्यात ओली असते तोवर ठीक, मार्च ते मे कोरडी ठणठणीत होते आणि त्याच दिवसांत वळीव येतो. त्या तीन महिन्यांत दर आठवड्याला खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतत जा.

आणि आभाळ गडगडायला लागलं की प्लग हातानं उपटायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, बटणातलं अंतर विजेला काहीच नाही. राउटरचा प्लगही काढा आणि राउटरपासून कॉम्प्युटरला येणारी वायरही. जवळ वीज पडली तर अर्थिंग, यूपीएस, काहीही पुरं पडत नाही, हे स्पष्ट सांगतो.

आता यूपीएस, म्हणजे वीज गेली तरी थोडा वेळ कॉम्प्युटर चालू ठेवणारा बॅटरीचा डबा. मुलाच्या यादीत तो नाहीच. तुमच्याकडं करंट सारखा जातो म्हणता, मग यूपीएसशिवाय कॉम्प्युटर घ्यायचा विचारही करू नका. काम चालू असताना वीज गेली की फाइल तर जातेच, पण त्या क्षणी डिस्कवर काही लिहिलं जात असेल तर अख्खं विंडोज बसतं. 'लाइन इंटरॅक्टिव्ह' लिहिलेला, म्हणजे कमी-जास्त होणारं व्होल्टेज स्वतः सावरणारा, १,००० व्हीएच्या आसपासचा घ्या. व्हीए म्हणजे वॉट नव्हे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो, १,००० व्हीएचा ६००च्या जवळपास. तुमचा कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून अभ्यासाच्या कामात १०० वॉटच्या आसपास ओढतील, त्याला छोटाही पुरला असता. पण पुढं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमसारख्या भारी कामात पडद्यावरचं चित्र घडवणारा वेगळा पार्ट, लागणार असेल तर मोठाच बरा. यूपीएस आणला की विकणाऱ्याच्या समोर किंवा घरी पहिल्याच दिवशी कॉम्प्युटर चालू ठेवून मेन स्विच पाडून बघा. मशीन रीस्टार्ट झालं तर तो यूपीएस परत करा. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलावी लागेल, तो खर्च आत्ताच लक्षात असू दे.

आता डब्याच्या आत पहिलं पाऊल, एसएमपीएस. मुलाच्या यादीत त्याच्यासमोर फक्त 'कॅबिनेटसोबत येतो' एवढं लिहिलंय. ते वाचून मी थांबलो.

मी सुद्धा एकदा असाच 'कॅबिनेटसोबत' आलेला एसएमपीएस वापरला होता. शहापुरातल्या एका स्नेह्यांचं डीटीपीचं काम होतं, लग्नपत्रिका छापायचे. त्यांना पैशाची ओढ होती, मी म्हटलं इथं हजारभर वाचवू. आठ महिन्यांनी लग्नसराईच्या ऐन गर्दीत फट् आवाज झाला, जळका वास आला. एसएमपीएस एकटा गेला नाही, बोर्ड आणि हार्ड डिस्क बरोबर घेऊन गेला. डिस्कवर त्यांचं सहा वर्षांचं काम होतं. नंतर तो डबा मी उघडला. आत सर्किटवर जिथं कॉइल आणि फिल्टरचे पार्ट असायला हवेत तिथं रिकामी भोकं होती आणि भोकांच्या जागी सरळ तारेचे तुकडे डाख लावून जोडलेले होते. डबा हातात घेतला तेव्हाच वजनानं हलका लागला होता, मी त्याकडं लक्ष दिलं नाही. ते स्नेही मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून मी कुणालाही एसएमपीएसमध्ये पैसे वाचवू देत नाही.

तुम्ही स्वतः दुकानात ओळखू शकाल अशी खूण सांगतो. प्रत्येक एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यात '+१२ व्होल्ट'चा रकाना शोधा आणि त्याखालच्या अँपिअरला १२नं गुणा. आजचे प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज त्याच रकान्यातून घेतात. वर ठळक अक्षरात ४५० वॉट लिहिलंय आणि रकान्यात १६ अँपिअर असेल, तर १२ गुणिले १६, म्हणजे कामाची वीज फक्त १९२ वॉट. चांगल्या ५५० वॉटच्या डब्यावर हाच आकडा ४५ अँपिअरच्या आसपास असतो, म्हणजे ५४० वॉट. यावरून माल कळतो. वीज कमी वाया जाते असं सांगणारं '८० प्लस ब्राँझ'चं चिन्ह, निदान पाच वर्षांची वॉरंटी आणि नाव असलेली कंपनी, असा ५५० वॉटचा घ्या. पुढं कार्ड लागलं तरी हाच चालेल.

म्हणजे अर्थिंगची डागडुजी, यूपीएस आणि एसएमपीएस, या तिघांसाठी ६०,०००मधले बारा-तेरा हजार आधीच वेगळे बांधून ठेवा. उरलेल्या सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हजारांत मशीन बसवायचं. मुलगा म्हणेल एवढ्यात कार्ड आलं असतं. त्याला हे पत्र वाचायला द्या.

आता २४,०००चा आय-सेव्हन. त्या दुकानदाराला एकच गोष्ट सांगा: प्रोसेसरचा पूर्ण नंबर कागदावर लिहून द्या. 'आय-सेव्हन' हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांच्या एका घराण्याचं नाव आहे, त्यात आजोबाही येतात आणि नातूही. पुढच्या आकड्यावरून वय कळतं. २६०० म्हणजे दुसरी पिढी, २०११ची. ३७७० म्हणजे तिसरी, २०१२ची. ४७७० म्हणजे चौथी, २०१३ची. पाच आकडी नंबर असेल आणि सुरुवात १२, १३, १४नं होत असेल, तर ती बारावी-तेरावी-चौदावी पिढी. त्या किमतीत सगळा संच बसतोय म्हणजे बहुधा आत कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला जुना प्रोसेसर आणि एच६१ किंवा एच८१ नावाचा बोर्ड असणार. बोर्ड नवा कोरा दिसेल, कारण जुन्या चिप लावून असे बोर्ड अजूनही बनतात.

२०१२चा आय-सेव्हन ३७७० चार कोरचा, म्हणजे आत एकाच वेळी काम करणारे चार मेंदू. २०२२चा साधा आय-थ्री १२१०० सुद्धा चार कोरचाच, आणि कामात त्याच्या कितीतरी पुढं. शिवाय विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, आणि विंडोज १०चं नेहमीचं अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलं. म्हणजे तुम्ही २४,००० देऊन पहिल्या दिवसापासून मागं पडलेलं मशीन घरात आणाल. कॅबिनेटमधले लाल-निळे दिवे बघून मुलं हरखतात, त्यांचा दोष नाही. पण हे घेऊ नका.

आता तुमच्या मुलाची यादी. पोरानं मेहनत घेतली आहे, पार्ट एकमेकांना जुळतात की नाही ते त्यानं बघितलंय, हे यादीवरून दिसतं. त्याला तसं जरूर सांगा. चुकलंय ते प्राधान्य. त्यानं एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६०० निवडलाय. प्रोसेसर चांगला आहे, पण त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही. म्हणजे कार्ड नसेल किंवा उद्या कार्ड बिघडून वॉरंटीत गेलं, तर पडद्यावर काहीच येणार नाही, आणि कार्ड परत येईपर्यंत घरातला कॉम्प्युटर म्हणजे नुसता डबा. इंटेलमध्ये नंबराच्या मागं 'एफ' असला की हीच गोष्ट. एफवाला थोडा स्वस्त पडतो म्हणून दुकानदार पुढं करतात. कार्ड घेणार नसाल तर तो तुमच्या कामाचा नाही.

मी सुचवेन तो आय-फाइव्ह १२४००, मागं एफ नसलेला. सहा कोर, बारा थ्रेड (म्हणजे एकदम बारा कामं), पडद्यापुरतं ग्राफिक्स आतच. दुसरा पर्याय रायझन ५ ५६००जी. त्याचं आतलं ग्राफिक्स इंटेलपेक्षा जोरकस आहे, हलके गेम त्यावर बरे चालतात. मग मी इंटेलकडं का झुकतो? कारण पुढं कार्ड लावायचंय. ५६००जी कार्डाशी पीसीआय एक्स्प्रेस नावाच्या ज्या वाटेनं बोलतो, ती जुनी, तिसऱ्या पिढीची आहे. १२४००ला ती अडचण नाही. मुलगा म्हणाला की कार्ड कधीच नको, आतल्या ग्राफिक्सवर खेळेन, तर ५६००जी घ्या, मी अडवणार नाही.

पहिल्या वर्षी गणित, भौतिक-रसायन आणि सी प्रोग्रॅमिंग. याला कार्ड लागत नाही. दुसऱ्या वर्षी जावा, डेटाबेस, अँड्रॉइड स्टुडिओ येईल, त्याला भूक असते ती रॅमची, म्हणजे चालू कामापुरत्या मेमरीची. मशीन लर्निंगचं भारी काम आलंच तर ते शेवटच्या दोन वर्षांत, आणि तोवर आज तो जे कार्ड मागतोय ते जुनं झालेलं असेल, त्याच पैशात बरं काहीतरी मिळेल. म्हणून त्याला नाही म्हणू नका. बोर्डावर कार्ड बसवायची जी लांब खाच असते ती रिकामी ठेवा, एसएमपीएस त्या हिशेबानं घेतलाच आहे, आणि तिसऱ्या वर्षी तिथं कार्ड बसवायचं असं दोघांत ठरवून टाका.

मोफत विजेच्या गृहज्योती योजनेमुळं तुमचं बिल शून्य येत असेल तर विजेचा हिशेबही त्याला दाखवा. १०० वॉटचं मशीन रोज पाच तास चाललं तर महिन्याला १५ युनिट. कार्ड लावून रोज तीन तास गेम चालला आणि मशीननं ३०० वॉट ओढले, तर नुसत्या खेळाचे २७. तुमच्या घराला ठरवून दिलेले युनिट ओलांडले की वरचे पैसे भरावे लागतात, आणि २००च्या वर गेलं की पूर्ण बिल येतं.

बोर्ड निवडताना स्वस्तातला स्वस्त एच६१० घेऊ नका. त्यात रॅमच्या दोनच पट्ट्या बसतात आणि बहुतेकदा एसएसडीला, म्हणजे वेगवान डिस्कला, एकच जागा असते. बी६६० किंवा बी७६० घ्या, रॅमच्या चार जागा आणि एसएसडीच्या दोन जागा बघून. प्रोसेसरच्या शेजारी जे वीज नियंत्रित करणारे पार्ट असतात, त्यांच्यावर धातूचे जाड तुकडे बसवलेले असावेत. एप्रिलमध्ये कौलाखालची खोली तापते तेव्हा त्यांचा उपयोग होतो. एक सावधगिरी: डीडीआर४ आणि डीडीआर५ हे रॅमचे दोन प्रकार, आणि या प्रोसेसरचे बोर्ड डीडीआर४चे वेगळे आणि डीडीआर५चे वेगळे. रॅमची खाच वेगळ्या जागी असते, एकीची दुसरीत बसत नाही. बिलावर दोन्हींचा प्रकार जुळवून बघा.

रॅम १६ जीबी हवीच, आणि ती आठ-आठच्या दोन पट्ट्यांत. एकच पट्टी लावली तर मेमरीचा रस्ता अर्धा होतो, आणि आतलं ग्राफिक्स रॅममधूनच जागा घेत असल्यामुळं ते लगेच जाणवतं. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर चढलेत, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडं वळला. त्यामुळं तुमच्या मुलाच्या यादीतले जुने भाव आता लागू नाहीत. बोर्ड आणि रॅम मिळून डीडीआर४ स्वस्त पडतं की डीडीआर५, ते त्या दिवशी विचारा आणि स्वस्त ते घ्या. अभ्यासाच्या कामात फरक कळणार नाही. पैसे अगदीच ताणले गेले तर प्रोसेसर आय-थ्री १२१०० करा, पण रॅम आठवर आणू नका. त्याच बोर्डात पुढं मोठा प्रोसेसर बसवता येतो.

डिस्क म्हणून एनव्हीएमई नावाच्या जलद प्रकारची एसएसडी, ५०० जीबी किंवा जमल्यास एक टीबी, नाव असलेल्या कंपनीची. नुसतं 'एसएसडी' म्हणून साटा नावाच्या जुन्या जोडणीची दिली जाते, ती सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबते, साधी एनव्हीएमई तीन हजारांपर्यंत जाते. मॉनिटर २२ ते २४ इंची, आयपीएस (बाजूनं बघितलं तरी रंग नीट दिसणारा), एवढं पुरे.

कॅबिनेटबद्दल मात्र थोडं बोलायचंय. पुढून काच असलेला नको, पुढून जाळी असलेला घ्या आणि दोन पंखे बघा. मागच्या बाजूच्या लांबट पट्ट्या उघड्या सोडू नका, दुकानदार कार्डासाठी म्हणून काढून टाकतात आणि परत लावत नाहीत. तिथून पाल आत जाते, उबेला बसते, आणि पाऊस सुरू झाला की मुंग्या अंड्यांसकट मुक्कामाला येतात. पाल बोर्डावर चिकटून मेलेली, तिच्याखालचे पार्ट जळालेले, हे मी माझ्या टेबलावर कितीदा पाहिलंय. मशीन जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवा, भिंतीपासून वीतभर पुढं, आणि चुलीच्या धुरापासून लांब. जून ते सप्टेंबर तुमच्याकडं भिंतींना पाणी सुटतं. त्या दिवसांत काम नसलं तरी रोज अर्धा तास मशीन चालू ठेवा. आतली ऊब ओल धरू देत नाही. शिवणाच्या मशीनजवळ ठेवणार असाल तर कापडाचे तंतू पंख्यात अडकतात, महिन्यातून एकदा ब्रशनं झाडा.

विंडोजबद्दल दुकानात 'फुकट टाकून देतो' म्हणतील. ते बहुतेकदा चोरीचं असतं आणि त्याबरोबर काय काय येईल याचा भरवसा नसतो. मुलगा कॉम्प्युटर सायन्सचा आहे, त्याला लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टिम, कधी ना कधी शिकायचीच आहे. सध्या उबुंटू टाका, तो लिनक्सचाच एक प्रकार, आणि ते खरोखर फुकट आहे. पुढं पैसे जमले की अस्सल विंडोज घ्या. मुलीला मराठी आणि कन्नड दोन्ही टाइप करावं लागेल, तर तिला सुरुवातीपासून इनस्क्रिप्ट नावाची कीबोर्डची मांडणी शिकवा. त्यात दोन्ही भाषांची अक्षरं त्याच जागी असतात. ज्या बटणावर मराठीचा 'क', त्याच बटणावर कन्नडचा 'क'. बोटांना एकदाच वळण लावायचं. आपल्या भागातल्या मुलांसाठी याच्याइतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही, आणि शाळेत ती फारशी कुणी सांगत नाही.

तुमच्या भावाचं म्हणणं उडवून लावू नका. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, करंट गेला तरी तो चालतो, यूपीएसचा खर्च वाचतो. कॉलेजनं लॅबमध्ये लॅपटॉप आणायला सांगितलं असेल किंवा मुलगा पुढच्या वर्षी बेळगावात खोली करून राहणार असेल, तर भाऊ बरोबर आहे आणि हे सगळं पत्र बाजूला ठेवा. आधी मुलाला ते विचारा. पण तो रोज घरी येणार असेल आणि मशीन तिघांनी वापरायचं असेल, तर घरी जुळवलेलाच घ्या. मुलगा कॉलेजात असताना मुलगी त्यावर बसू शकेल, तुम्हाला डिझाइन बघता येतील. एक पार्ट गेला तर तेवढाच बदलता येतो. लॅपटॉपचा बोर्ड गेला की निम्मी किंमत गेली.

खरेदी कुठं? पूर्वी कोल्हापूरला स्वस्त पडतं म्हणून लोक जायचे, दोन राज्यांचा कर वेगळा होता. १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हापासून कर दोन्हीकडं सारखाच, आता कॉम्प्युटरच्या पार्टांवर इकडंही १८ टक्के आणि तिकडंही १८च. उरतो तो दुकानदाराचा नफा. तेव्हा वॉरंटीसाठी परत जायला जवळ पडेल असं बेळगावातलं दुकान बघा. शक्ती योजनेत बेळगावची बस तुम्हाला फुकट आहे, दोन चकरा झाल्या तरी हरकत नाही. पहिल्या चकरेत फक्त कोटेशन घ्या, दोन-तीन दुकानांतून, एकच यादी दाखवून, आणि पैसे घरी ठेवून जा. दुसऱ्या चकरेत मुलाला बरोबर न्या. बिलावर 'कॉम्प्युटर सेट १ नग' असं लिहू देऊ नका. प्रत्येक पार्टाचं नाव, पूर्ण नंबर आणि सिरियल नंबर वेगळा हवा. प्रोसेसरचं खोकं सीलबंद हवं. खोक्यातल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. सुटा दिला तर ती वॉरंटी कुणाची, ते लेखी घ्या. सगळी खोकी माळ्यावर जपून ठेवा.

आणि दुकानदाराला सांगा, जोडणी मुलाला करू दे, तुम्ही शेजारी उभं राहून बघा. प्रोसेसर बसवण्यापुरता त्यांचा हात असू दे, तिथल्या सॉकेटातल्या पिना फार नाजूक असतात. बाकीचे स्क्रू त्यानं पिळावेत. रॅमची पट्टी दाबताना 'टक्' आवाज कसा येतो ते त्याच्या बोटांना कळू दे. पुढं पावसाळ्यात काही अडलं तर तुम्हाला बेळगावला धावावं लागणार नाही.

सध्या वायरमनला बोलवा. ते तीन आकडे आणि रात्री आठचं व्होल्टेज मला लिहून पाठवा. त्यावरून यूपीएस नेमका कुठला घ्यायचा ते सांगतो, मग कोटेशनला जा.